दावणीला बांधलेला डॉल्फिन

प्रा. इंदुमती घुडे यांची आणि माझी पहिली भेट महाविद्यालयात झाली नाही. ती म्हसाच्या जत्रेत, बैलांच्या बाजारात झाली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. शहापूरच्या आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला मी सोमवारी रुजू होणार होतो आणि रविवारी सासऱ्यांसोबत बैल बघत फिरत होतो. व्यापारी सांगत होता की बैल आत्ताच जुळलाय, म्हणजे त्याचे दात नुकते पुरे झालेत. शेजारी उभ्या असलेल्या सुती साडीतल्या एका बाईंनी कोणी न विचारता बैलाचा ओठ वर केला, आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दात झिजलेत. हा जुळला त्याला बरीच वर्षं झाली." व्यापाऱ्याने बैल मागे ओढला आणि सासरे खूश झाले. सोमवारी स्टाफरूममध्ये त्याच बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या.

बाई मुरबाड तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावच्या. वडील शेतकरी, आणि जनावर पारखण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. लेकीला ते लहानपणापासून बाजारात नेत. दातांवरून वय ओळखायला बाई तिथे शिकल्या आणि त्यासोबत घरचा एक नियमही शिकल्या. वडील म्हणत, "दात बगायचे ते इकत घेताना. एकदा दावणीला बांदला का त्याचं तोंड उघडून बगायचं नाय. आयुष्य घटतं." बाई हे सांगताना हसत असत. त्यांचा यावर विश्वास नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

शिकवण्यात बाईंना आडपडदा ठाऊक नव्हता. प्रजननाचा धडा 'घरी वाचा' म्हणून उरकण्याचा रिवाज त्या काळी सर्रास होता. बाई तो धडा डॉल्फिनवरून शिकवत. वर्षभराच्या आसपास पोटात वाढणारं एकुलतं पिलू, पाण्यातच होणारा जन्म, पहिल्या श्वासासाठी त्याला वर यावं लागणं, मग आईच्या कुशीला लागून पोहत काढलेली दोन-तीन वर्षं. एकदा आटगावकडचे एक पालक तणतणत आले. मुलींना हे कसलं शिकवता, असा त्यांचा सवाल होता. बाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, तुमची गाय शेवटची व्याली तेव्हा मुलगी कुठे होती? कंदील धरून उभी होती, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांची धाकटी मुलगीही नंतर बाईंच्याच वर्गात आली.

माझी मुलगी जन्मली तेव्हा बाई डिंकाचे लाडू आणि प्रयोगशाळेतला ताणकाटा घेऊन घरी आल्या. मूल गुटगुटीत आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, वाढ कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढे दर महिन्याला त्या येऊन झोळीत घालून वजन करत. माझी आई आधी नजर लागेल म्हणून कुरकुरली, पण नंतर तीच बाईंची वाट पाहू लागली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. आपल्या ठाणे जिल्ह्याला समुद्रही आहे, हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला सहसा आठवत नाही. बाईंना ते आठवलं. प्रत्येक सुट्टीत वाडा, मनोर अशी एसटी बदलत त्या डहाणूच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात जाऊन राहत आणि होडीतून डॉल्फिन पाहत. त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. आपल्या किनाऱ्यावरची डॉल्फिन मादी कितव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि किती वर्षांच्या अंतराने? साधा, पण उत्तर हाती लागेना. मेलेल्या डॉल्फिनचा दात कापला तर झाडाच्या खोडासारखे थर दिसतात आणि वय कळतं, पण तिला पिलं किती झाली ते कळत नाही. जिवंत मादीची पिलं मोजता येतात, पण वय कळत नाही. दोन्ही एकाच जनावराचं हवं होतं.

असं एक जनावर होतं. पाठीवरच्या त्रिकोणी पराला खाच आणि टोकाला पांढरा चट्टा असलेली एक मादी बाईंनी अगदी कोवळी असल्यापासून ओळखून ठेवली होती. तिचं पहिलं पिलू त्यांनी पाहिलं, मग दुसरं, मग तिसरं. तिचा स्वतःचा जन्म तेवढा पाहिला नव्हता, त्यामुळे वय दातच सांगणार होता. शास्त्रज्ञ मंडळी जनावरांना क्रमांक देतात. बाईंनी तिला घरच्या गायीचं नाव दिलं, चांदी. घोटाळा तिथेच झाला, पण हे आज कळतं.

नव्वदचं दशक सरत असताना एका सकाळी महाविद्यालयात फोन आला. चांदी जाळ्यात अडकून मेली होती आणि किनाऱ्याला लागली होती. बाईंसोबत मीही निघालो. वनखात्याची आधीच मिळवलेली परवानगी, चिमटा, सुरी, सगळं पिशवीत होतं. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कोळणींनी चांदीला हळदकुंकू वाहिलं होतं आणि सुरूच्या झाडांपाशी खड्डा खणून ठेवला होता. तिचं धाकटं पिलू सकाळपर्यंत जवळच पाण्यात फिरत होतं, असं त्या सांगत होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली. "बाई, तुमची वाट बगत होतो. तुमी तुमचं काय ते करा, मंग आमी पुरतो."

बाई वाळूत बसल्या. चिमटा काढला. चांदीच्या लांब तोंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिल्या. शेवटी मी विचारलं, दात मी काढू का? महाविद्यालयात बाई नेहमी पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलत. त्या दिवशी गावची बोली तोंडात आली.

"नको, सर. माझ्या दावणीची हाय ती."

चांदीला तशीच पुरली. प्रबंध तिथेच थांबला.

बाईंनी मोठा त्याग वगैरे केला, असं मी लिहिणार नाही. त्यांना ते आवडायचं नाही आणि ते खरंही नाही. बाईंना पश्चात्ताप झाला. पुढच्याच वर्षी मन घट्ट करून त्या फावडं घेऊन परत गेल्या, पण पावसाळ्यात समुद्राने तो किनारा सुरूच्या झाडांसकट नेला होता. त्यानंतर त्यांना तशी दुसरी मादी मिळाली नाही आणि त्या धाकट्या पिलाचं काय झालं तेही कळलं नाही. आजही एखाद्या मुलीने विचारलं की डॉल्फिन मादी किती वर्षांची झाल्यावर आई होते, तर बाई दूरच्या समुद्रांवरचं वाचलेलं सांगतात आणि पुढे म्हणतात, "आपल्याकडचं मला ठाऊक नाही. ठाऊक होऊ शकलं असतं. चुकलंच माझं." मला वाटतं, बाईंनी दात काढायला हवा होता. आणि काढला असता, तर त्या आमच्या बाई राहिल्या नसत्या, असंही वाटतं. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

बाई साठ वर्षांच्या झाल्या म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. मुखपृष्ठावर तो आकडा छापू नका, असं मी समितीला सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. आपल्या माणसाचं वय आम्ही मोजलं ते मोजलंच, वर ठळक अक्षरांत छापलं. वडिलांचा नियम चांदीच्या वेळी पाळून बाईंच्या हाती हळहळीशिवाय काही आलं नाही. निदान आता तरी तो त्यांच्या उपयोगी पडो. बाईंना भरपूर आणि धडधाकट आयुष्य मिळो, आणि ते किती झालं हे इथून पुढे कोणी मोजू नये. बाई आमच्या दावणीच्या आहेत.