आवाज चोरीला गेल्याची तक्रार

ती तक्रार आजही माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्ती जवळ आली होती. माझं पोलीस ठाणं पुण्याच्या मध्यवस्तीतलं, त्यामुळे सकाळी ठाणे अंमलदारासमोर हरवलेले मोबाइल, पार्किंगची भांडणं आणि वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी अशी नेहमीची गर्दी असायची. त्या गर्दीत एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. काय चोरीला गेलं, असं अंमलदारानं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा आवाज."

अंमलदारानं त्यांना सरळ माझ्या केबिनमध्ये आणलं. जे कुणाला समजत नाही ते वरिष्ठ निरीक्षकाच्या गळ्यात मारायचं, ही आमच्याकडची जुनी रीत.

"अहो साहेब, मी वेडी नाही," बसता बसता बाईंनी सांगून टाकलं. "आधी ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा."

त्यांचे यजमान मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर लिलाव पुकारायचे. उभं आयुष्य त्यांनी घशावर काढलं आणि घशालाच कॅन्सर झाला. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनच्या आधी जे थोडे दिवस हातात होते, त्यात मुलीनं वडिलांना समोर बसवून त्यांच्याच फोनवर त्यांची वाक्यं रेकॉर्ड केली. चहा दे. पाठ दुखतेय. दार लावून घे. घरातल्या प्रत्येकाचं नाव. रागावण्याची, समजूत काढण्याची, थट्टेची वाक्यं. सगळं क्लाउडवर चढवलं. मग एका टॅबवर बटणं केली. बटण दाबलं की वरून ते वाक्य यायचं आणि गृहस्थ आपल्याच आवाजात बोलायचे.

"परवा सकाळी त्यांनी चहाचं बटण दाबलं," मुलगी म्हणाली. ती शाळेत चित्रकला शिकवते. "काहीच वाजलं नाही. मी फोल्डर उघडलं तर रिकामं. डिलीट झालेल्या फायली टोपलीत पडतात ना, तीही कुणीतरी रिकामी केली होती."

"दुसरी प्रत?"

नव्हती. फोनमधली जागा भरली म्हणून तिथल्या मूळ फायली तिनं केव्हाच काढल्या होत्या. क्लाउडवर आहे म्हटल्यावर आणखी प्रत कशाला, असं तिला वाटलं होतं.

मला हसू आलं नाही. चोरीला गेलेलं मंगळसूत्र पुन्हा करता येतं. या माणसाचा गळा आता रिकामा होता आणि जे होतं ते तेवढंच होतं.

संशय कुणावर, हा आमचा ठरलेला प्रश्न. उत्तर बाईंकडे तयार होतं. मुलीचं लग्न ठरून मोडलं होतं. तो मुलगा आयटीतला. क्लाउडचं खातं त्यानंच उघडून दिलेलं, पासवर्ड त्याला ठाऊक. शिवाय त्याच आठवड्यात तो आजारी माणसाला बघायला म्हणून घरी येऊन गेला होता. खात्याच्या नोंदीत 'बाबांचा फोन' या उपकरणावरून फायली पुसल्याचं दिसत होतं. "ह्यांचा फोन त्यानं हातात घेतला होता. मी डोळ्यांनी पाहिलंय," बाई म्हणाल्या.

संधी होती, माहिती होती आणि कारणही होतं. इतका नीट बांधलेला संशयित मिळाला की पोलिसानं थोडं सावध व्हावं, हे मी अनुभवानं सांगतो. तरी त्याला बोलावून घेतलंच.

तो ऑफिसमधून तसाच आला, गळ्यात ओळखपत्र लटकत होतं. मी सगळं सांगितलं. स्वतःवरच्या आरोपाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. त्यानं विचारलं, "सर, बिन कधी एम्प्टी झाली?"

"परवा."

"मग इथे माझी चौकशी काय करताय? कंपनीकडे रिकव्हरी रिक्वेस्ट टाकली का?"

आमच्या सायबरच्या कामाच्या महिला हवालदार होत्या, त्यांनीही मान वर केली. त्यानं समजावून सांगितलं. टोपली रिकामी झाली तरी कंपनी लगेच सगळं पुसत नाही. काही दिवस फायली आत कुठेतरी असतात. खातेदारानं अर्ज केला तर परत मिळू शकतात. मुदत उलटली की मात्र देवही आणू शकत नाही. "गॅरंटी नाही. पण आज टाका. आत्ता. मला नंतर अटक करा, मी इथेच बसतो."

लोभी, रागीट, सूडानं पेटलेली माणसं मी खूप पाहिली. आपण अडकलेलो असताना दुसऱ्याचं नुकसान कसं भरून निघेल हे आधी बघणारा संशयित मात्र विरळाच. हवालदारांनी मुलीला फोन केला आणि त्या दुपारीच खात्यावरून अर्ज गेला.

आता उरलं होतं ते 'कुणी' हे शोधणं. आम्ही गृहस्थांचा फोन मागवला आणि चोरीच्या मालाचा करतो तसा त्याचा पंचनामा केला: कंपनी, मॉडेल, रंग, कोपऱ्यावरचा चरा. हवालदारांनी तो कागद खात्यातल्या नोंदीशेजारी ठेवला आणि मला हाक मारली. दोन्हीकडे नाव 'बाबांचा फोन', पण मॉडेल वेगळं. चोरीच्या मोटारसायकलीची नंबरप्लेट बघून भागत नाही, चासी नंबर बघावा लागतो. तसंच झालं होतं.

बाईंना फोन लावला. "हा फोन कधी घेतला?"

"ऑपरेशननंतर. मुलीनं घेऊन दिला."

"आणि जुना?"

"जुना टाकून थोडाच देणार? चांगला चालत होता. नणंदेला दिला. इथून जवळच मांजरी गावात असतात त्या." बोलता बोलता बाईंच्याही लक्षात आलं. फोन दिला होता, पण त्यातलं खातं बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

मी आणि हवालदार साध्या वेशात मांजरीला गेलो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती आणि मधे नणंदेचं घर. खोटं बोलायच्या तयारीत असलेला माणूस आधी स्वतःसाठी पाणी मागतो, असा माझा अनुभव. इथे नणंदेच्या यजमानांनी तांब्या आमच्याच हातात दिला. फोन खाटेवर पडला होता. मॉडेल तेच.

"यातल्या आवाजाच्या फायली कुणी काढल्या?"

"म्या काढल्या," ते म्हणाले. एका दमात, काही न लपवता.

"का?"

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, फोन आला आन् हिला त्यात भावाचं बोलणं घावलं. रोज लावायची आन् रडायची. तो म्हणायचा, 'ताई, जेवलीस का?' आन् ही ताट सारून उठायची. भाऊ जित्ता हाय, बरा हाय, पर हिच्या मनानं घेतलं की तो गेला. वाळून चालली होती बघा. म्हणून काढून टाकलं. फोननं इच्यारलं, कायमचं काढू का? म्हटलं, काढ बाबा."

"त्यांच्याकडचंही त्याच्याबरोबर गेलं, ठाऊक आहे?"

त्यांना कळलंच नाही. आमच्या फोनातलं आमचं, त्यांच्यातलं त्यांचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हवालदारांनी दोनदा समजावून सांगितलं, तेव्हा ते खाटेवर बसले. "म्हंजी त्यो आता..." एवढंच म्हणाले. मी कित्येकांकडून गुन्हे कबूल करून घेतले आहेत. आपण काय केलं हे ऐकून माणूस असा ढासळलेला क्वचितच पाहिला. मला त्यांची फार दया आली.

जबाब घेण्यासाठी दोन्ही घरांना ठाण्यात बोलावलं. गृहस्थ पहिल्यांदाच समोर आले. उंच, खांद्यांनी रुंद, गळ्याला पांढरं फडकं. नणंदेचे यजमान भिंतीला टेकून उभे होते. मान वर नव्हती. नणंद सारखी म्हणत होती, "दादा, ह्यांना काय म्हणू नका, माझ्यामुळं झालं." दादा काय म्हणणार होते?

जबाब लिहून होत आला होता, तेवढ्यात मुलीच्या टॅबवर कंपनीचा निरोप आला. तिनं फोल्डर उघडलं. रिकामं होतं. मग पडद्यावर एक नाव उमटलं. पाठोपाठ दुसरं. मग भराभर. 'चहा.' 'दार.' 'पाठ.' 'ताई जेवलीस का.'  

मुलीनं चहाचं बटण दाबलं. "अगं, चहा टाक की. घसा सुकलाय पुकारून पुकारून." भरदार, खणखणीत आवाज. मागे कुकरची शिट्टी आणि बाईंचं पुटपुटणंसुद्धा जसंच्या तसं.

मी सबंध नोकरीत मुद्देमाल परत केला. दागिने वितळवलेले मिळतात, गाडीचे आरसे गेलेले असतात, पैशांत तूट असते. गेलेली वस्तू पूर्ण परत येत नाही, असं मी नव्या शिपायांना शिकवत आलो. आणि इथे एका माणसाचा आवाज, जो त्याच्या गळ्यातून कायमचा गेला होता, तो कुठल्या तरी दूरच्या यंत्रातून बाईंच्या पुटपुटण्यासकट, कुकरच्या शिट्टीसकट पुरता परत आला होता.  हवालदार डोळे पुसत होत्या. माझीही अवस्था तीच होती.

गृहस्थांनी टॅब आपल्याकडे ओढला. बराच वेळ बोट फिरवत ते काहीतरी शोधत होते. मग भिंतीला टेकलेल्या दाजींकडे पाहून त्यांनी एक बटण दाबलं. गाळ्यावरचा पुकारा माझ्या केबिनमध्ये घुमला, इतका मोठा की बाहेरचा अंमलदार दारात आला. "झाला सौदा, उचला माल. चला, पुढचा ढीग बोला."

नणंद हसायला लागली. हसता हसता तिनं यजमानांचा हात धरला आणि तेही, इतक्या वेळानं, मान वर करून हसले.

तक्रार मागे घेतली गेली. मुलीनं सगळ्या फायली क्लाउडबरोबर एका वेगळ्या डिस्कवरही ठेवल्या आणि ती डिस्क कपाटात गेली. मांजरीच्या फोनमधून ते खातं आमच्यासमोर काढलं. नणंदेसाठी दोनच वाक्यं निराळी पाठवली, ती कुठली हे मी विचारलं नाही. त्या तरुणाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "सर, माफी नको. फक्त तुमच्या ठाण्याचा बॅकअप घेत जा." पुणेकर तो पुणेकरच.

गुन्ह्यामागचा हेतू शोधा, असं आम्हाला शिकवलं होतं. आयुष्यभर मी त्या हेतूत वाईट तेवढंच हुडकलं. मायेपोटीही माणूस एखाद्याचं सर्वस्व पुसून टाकू शकतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. आणि ते परत आणणारा माणूस कधी कधी आपण ज्याला आरोपी समजत होतो तोच असतो, हेही.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि फोन पुढे धरून बायकोला म्हटलं, "काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. रेकॉर्ड करतोय."

"आधी भाजी आणलीत का ते सांगा," ती म्हणाली.

ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. दोन ठिकाणी.