विलायतेला निघण्याआधीची रजा

कोणी परदेशी निघालं की त्याच्या घरी सामानाच्या आधी किस्सेच जमा होतात. सामान निदान ट्रंकेत कोंबता येतं. किस्से मात्र कुठंच मावत नाहीत, म्हणून मी ते असे मित्रांच्या गळ्यात मारतो.

पन्नास सालानंतरच्या काळातली गोष्ट. मी चांद्याला जंगलखात्याच्या लाकूड डेपोत नोकरीला होतो. सागवान शास्त्रशुद्ध कसं वाळवायचं, ते शिकायला मला दोन वर्षं विलायतेला पाठवायचं ठरलं. निघायच्या आधी महिनाभर रजा काढून मी चामोर्शीला घरी आलो. म्हटलं, निवांत बसू, आईबाबांशी बोलू, नव्या बायकोशी तर खूपच बोलू. हे माझं नियोजन.

पहिल्याच सकाळी शेजारचे डोमाजीभाऊ आले. "काय शिकाले चालला?"

"लाकूड वाळवायला."

"विलायतेत?"

"हो."

त्यांनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण तिथी तं ऊन नाई म्हणते."

यावर मी त्यांना अर्धा तास भट्टी, वाफ, लाकडातला ओलावा असं सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर जाऊन सगळ्या आळीला सांगितलं, "पोराले सरकारनं फसवलं."

*

आई काही केल्या बसेना. माझ्यासाठी म्हणून ती पहाटेपासून राबायची आणि त्यापायी तिला माझ्याकडे बघायलाही फुरसत नसायची. मी चुलीपाशी गेलो की म्हणायची, "सरक, धूर लागन." अंगणात गेलो तर, "सरक, सारवून राह्यली."

एक दिवस मी चिडलोच. "माय, मी चाललोय ना आता? घडीभर माझ्याजवळ बस."

ती लगेच बसली. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. "बोल. माहे हात चालते, कान मोकळेच आहे."

आता एवढं मागून मिळाल्यावर मला काही सुचेना. ती खडे वेचतेय. शेवटी मी म्हटलं, "तिकडे तुझी फार आठवण येईल गं."

तिचे हात थांबले. मान काही वर आली नाही. मग तिनं दुसरं सूप माझ्याकडे सरकवलं. "रिकामा बसला की असंच सुचते. हे घे, निवड."

संध्याकाळपर्यंत मी पायलीभर तांदूळ निवडले.

*

कुरखेड्याहून मामा आले, "भाच्यासंगं चार दिवस राहतो" म्हणून. आले, जेवले आणि आमच्या खोलीत झोपले. उठले की जेवायचे, जेवले की झोपायचे. ती खोली माझी आणि माझ्या बायकोची, सुशीलाची. आम्ही दोघं ओसरीवर चारचौघांत एकमेकांकडे बघत बसायचो.

शेवटी मी त्यांना उठवून म्हटलं, "मामा, तुम्ही मला भेटायला आलात ना?"

"हो ना बापू."

"मग आल्यापासून झोपलाच आहात."

"तू घरी आहेस म्हणून तं झोप लागून राह्यली," मामा म्हणाले आणि कुशीवर वळले.



*

घरात बोलता येत नाही म्हटल्यावर मी सुशीलाला घेऊन मार्कंड्याला देवदर्शनाला जायचं काढलं. देवाचं नाव घेतलं की घरात कोणी अडवत नाही. छकडा जुंपला, सुशीला नवं लुगडं नेसून बसली. तेवढ्यात आत्याबाई आल्या, "मलेही देव दिसन." मग आत्याबाईंच्या दोन सुना आल्या. मग त्यांची पोरं. शेवटी माझ्या जागेवर नैवेद्याची टोपली ठेवली गेली.

मार्कंड्यापर्यंत मी छकड्याच्या मागं धूळ खात चालत गेलो. सुशीला मागच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून बसलेली. इतक्या दिवसांत आम्ही एकमेकांना एवढं मनसोक्त पाहिलं नव्हतं, पण बोलणार काय, मध्ये आत्याबाईंचे कान.

वाटेत एका चढावर मी बराच मागं पडलो. धापा टाकत गाठलं, तेव्हा सुशीला पदराआडून हळूच म्हणाली, "तुमी तं आत्तापासूनच दूर जाऊन राह्यले."

*

राहिले बाबा. महिनाभर ते माझ्याशी फक्त धानाबद्दल आणि बैलांबद्दल बोलले. विलायतेचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे. निघायच्या दिवशी मात्र माझ्याआधी सर्व्हिस मोटारीत जाऊन बसले. "गडचिरोलीपर्यंत येतो. बैलाले घुंगरं घ्याचे आहे."

घुंगरं घेतली. मग म्हणाले, "ट्रंक जड आहे, नदी उतरवून देतो." डोंग्यातून वैनगंगा उतरलो, तर पलीकडच्या मोटारीतही माझ्या शेजारीच. चांद्याच्या स्टेशनावर मी पाया पडलो आणि म्हटलं, "आता परत फिरा."

"वर्ध्याले गाडी बदलाची आहे. तू चुकशीन."

"बाबा, मी विलायतेला चाललोय. वर्ध्याला कसा चुकेन?"

"म्हणूनच."

वर्ध्याला ते मुंबईच्या गाडीत चढले. आता कारणसुद्धा सांगितलं नाही. अंगावर एक धोतर, खांद्यावर शेला, हातात घुंगरांची पिशवी. माझं डोकं फिरलं. "घरी माय वाट पाहत असेल."

"तिले मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"मी लवकर येत नाई, ते."

पुढं मुंबईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे बघत धुसफुसत राहिलो. मुंबईच्या बंदरावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं. धक्क्याच्या फाटकाशी कारकुनानं माझे कागद पाहिले, मला आत सोडलं आणि बाबांपुढं हात आडवा धरला.

बाबा त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी शेला नीट केला आणि विचारलं, "काऊन साहेब, हे जहाज मंधात कुठी थांबते काय?"

"एडनला थांबतं, आजोबा."

बाबांनी घुंगरांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मंग एक एडनचं द्या."