बॉयलर काढला, जाळ तेवढाच

मंडळी, आज दुपारी माझ्या नानकटाईचा पार कोळसा झाला!

आमच्या हार्लेमच्या जुन्या घरात लाकडावरची मोठी शेगडी आहे, ओव्हनसकट. तिच्याच बॉयलरमधल्या गरम पाण्यावर वरच्या मजल्याचे रेडिएटर तापायचे. घरात आम्ही मायलेकी दोघीच होतो. लेक शिकायला मास्ट्रिख्टला गेली, वरची खोली रिकामी झाली, म्हणून गेल्या आठवड्यात बॉयलर काढून घेतला. तेव्हापासून ओव्हन नुसता भडकतोय.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं.

"लाकडं किती घालता?"

"नेहमीसारखी सहा."

"अहो, निम्मी उष्णता वर जायची. आता ती जाणार कुठे? तीनच घाला."

तीन घातली. ओव्हन मुकाट्याने ताळ्यावर आला.

मग भात लावायला घेतला. तांदूळ धुतल्यावर लक्षात आलं, दोघींचे घेतलेत.

तुमच्या हाताचं माप बदलायला किती दिवस लागले?