दुसऱ्यांच्या कंपन्या बघणारे दाजी

भोसरीपासून चाकणपर्यंत ज्या कंपनीच्या फाटकावरच्या वहीत आमच्या दाजींची सही नाही, ती कंपनी अजून बांधायची आहे असं खुशाल समजावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे पुनावळ्याचे. भोसरीत त्यांचं पत्र्याचे ब्रॅकेट बनवायचं वर्कशॉप आहे. पत्रा दाबायच्या दोन प्रेस, अकरा माणसं, आणि स्टोअर सांभाळायला मी. सगळा माल चाकणच्या एकाच मोठ्या कंपनीला जातो. तो सारखा उशिरा पोचायला लागला तसं कंपनीने बजावलं, तीन महिन्यांत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो. सुधारायचं कसं हे शिकायला चांगल्या कंपन्यांच्या भेटींची सोयही करून दिली. दुसरा कुणी गयावया करत बसला असता. दाजींनी नवी वही घेतली, बुटांना पॉलिश केलं आणि म्हणाले, "पाव्हणं, शिकायचं म्हनल्यावर लाज कसली? आमी बघून बघून शिकू."

दाजी आज जे बघत ते उद्या आमच्या वर्कशॉपात असे. पहिल्या कंपनीत प्रत्येक वस्तूभोवती पिवळी चौकट आखलेली होती, म्हणून परत येताना दाजी रंगाचा डबा घेऊनच आले. दोन दिवसांत पाण्याचं पिंप, झाडू, कपाटं, माझी खुर्ची, सगळं आपापल्या जागी चौकटीत बसलं. फाटकात झोपणाऱ्या कुत्र्यालाही एक चौकट मिळाली, तर ते तेवढी जागा सोडून शेजारी झोपायला लागलं. दुसऱ्या कंपनीत सकाळी कवायत होती. आमची सुरू झाली त्या दिवशी शेजारच्या शेडमधले लोक संप झाला की काय म्हणून बघायला आले. घरी ताईच्या मसाल्याच्या डब्यात प्रत्येक वाटीवर चिठ्ठी लागली. "मोहरी मला तोंडओळखीनं माहीत आहे," एवढंच म्हणून ताईने चिठ्ठ्या काढून टाकल्या. काळेवाडीच्या एका लग्नात तर दाजी जेवणाच्या रांगेजवळ घड्याळ धरून उभे राहिले, पोळीपाशी अडतंय असा निकाल दिला आणि पोळ्यांचं टेबल स्वतःच्या हाताने हलवलं. रांग खरंच भराभर सरकली, पण वरपक्षाचे लोक निघेपर्यंत दाजींकडेच जिलबी मागत होते.

आम्ही सगळे त्यांची टिंगल करायचो, मी जरा जास्तच. कारण माल होता तसाच उशिरा जात होता. दोन महिने संपल्यावर मी म्हणालो, "दाजी, पुरे झालं. दुसरं गिऱ्हाईक शोधू या." दाजी वही बंद न करता म्हणाले, "न्हाई. अजून एक बघतो."

ती शेवटची कंपनी आमच्याहून लहान निघाली. एक बाई ती चालवत होत्या. दाजींनी आपली अडचण सांगत त्यांना वीसेक प्रश्न विचारले. बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि उलट एकच विचारलं, "तुमच्याकडे डाय बदलायला इतका वेळ का लागतो?" डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. ब्रॅकेट बदललं की तो बदलावा लागतो. दाजी वहीची मागची पानं चाळायला लागले. "मग इथं काय करताय?" बाई म्हणाल्या. "तिथं जाऊन उभे राहा."

दुसऱ्या दिवशी दाजी शिफ्टच्या वेळेला आले, स्वतःच्याच फाटकावरच्या वहीत 'पाहुणा' म्हणून सही केली, मोठ्या प्रेससमोर खडूने एक गोल काढला आणि त्यात उभे राहिले. चहा तिथंच, डबा तिथंच. प्रेसवर नाना होते, आमचे सर्वांत जुने सेटर, म्हणजे डाय बसवणारे. ते घाबरले. "मालक, काय चुकलं का माझं?"

"न्हाई नाना. तुमी तुमचं चालू द्या."

नाना डायसाठी पार पलीकडच्या भिंतीजवळच्या कपाटापर्यंत जात, ढकलगाडीवर ती घेऊन येत, पान्यासाठी पुन्हा जात, बोल्टसाठी पुन्हा. प्रेस तोवर उभीच. दाजी दर फेरीला वहीत एकेक रेघ मारत होते. शिफ्ट सुटली तेव्हा वहीची दोन पानं भरली होती.

"नाना, डायांचं कपाट तिकडं का?"

"शेड नवीन होती तवा टेम्पो तिकडं लागला. तिथंच उतरवलं."

"मग इतक्या वर्सांत सांगितलं का न्हाई?"

"कुणी इचारलं न्हाई," नाना म्हणाले. "आन् आता तर तुमी भवतीनं पिवळा पट्टाबी मारला. म्हनलं, तिथंच पायजेल असंल."

त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून कपाट प्रेसशेजारी आणलं. जुना पट्टा दाजींनी स्वतः गुडघ्यावर बसून खरवडला. तिसऱ्या महिन्यात एकही गाडी उशिरा गेली नाही. कंपनीचे साहेब बघायला आले आणि त्यांनी विचारलं, हे कुठल्या कंपनीत शिकलात? दाजींनी नानांकडे बोट दाखवलं. काम आमच्याकडेच राहिलं.

मी पेढे आणले. पहिला पेढा दाजींनी नानांना दिला. नाना स्टुलावर बसून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते. "बरं झालं मालक," ते म्हणाले, "आता पायाला आराम हाय."

घरी जाताना स्कूटर सिग्नलला थांबल्यावर दाजी म्हणाले, "बावीस वर्सं मानूस नुसता चालला, पाव्हणं. आन् मी दर दिवाळीला त्याला गुडघ्याचं तेल आणून देत व्हतो."

मला फार वाईट वाटलं. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. रोज सकाळी नानांना ते मीच उघडून देत होतो.