उपासाची ज्वारी

मंठ्याकडचं गाव सोडलं तेव्हा बैलगाडीत मी, माझी चार वर्षांची रूथ आणि सासूबाई होतो. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. रूथचे वडील, म्हणजे आमचे मालक, आधीच मनमाडला रेल्वेत लागले होते. निजामाच्या राज्यातलं ते शेवटचं वर्ष. गावोगाव बंदुका फिरत होत्या आणि मालकांचा निरोप आला होता, जल्दी निघा.

उपासकाळाचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा, चौथा आठवडा चालू होता, म्हणून ज्वारीच्या पिशव्या दोन होत्या. एक आमची. दुसरी उपासाची. राखेच्या बुधवारपासून रोज सकाळी जात्यावर बसलं की पहिली मूठ त्या पिशवीत पडायची. एक वेळ आपण जेवायचं न्हाई, आणि ते धान्य ईस्टरच्या आत आपल्याहून उपाशी माणसाला द्यायचं. आत्याबाईंच्या मते याच्याशिवाय उपास म्हणजे नुसतं पोट रिकामं ठेवणं.

जालन्याच्या अलीकडे नाक्यावर गाडी अडवली. धान्य तालुक्याबाहेर न्यायला बंदी होती. बंदुकवाल्यानं दोन्ही पिशव्या दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "एक रखो, एक उतारो."

मी लहान पिशवीला, म्हणजे उपासाच्या पिशवीला, हात घातला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"ती आपली न्हाई. जी आपली न्हाई ती याला देणार कशी? आपली दे."

बंदूक समोर असताना भांडता येत न्हाई. आमची पिशवी उतरवली.

जालन्याच्या स्टेशनात मनमाडची आगगाडी कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. बांधून आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी संपल्या. दुपारी रूथ रडायची थांबली, आणि मला तेव्हा खरी भीती वाटली. मी पिशवीची गाठ सोडायला बसले. म्हणाले, आता आपल्याहून उपाशी कोण उरलंय? आत्याबाईंनी पिशवी ओढून घेतली, उठल्या, आणि शेडच्या टोकाला बसलेल्या एका धनगर बाईच्या पुढ्यात ठेवून आल्या. तिच्याजवळ एक पातेलं अन् तान्हं मूल, एवढंच होतं.

मी आत्याबाईंना काय काय बोलले, ते लिहीत न्हाई.

त्या बाईनं तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, घुगऱ्या शिजवल्या. मीठ कुणाकडून तरी मागून आणलं. मग रूथकडं बघून म्हणाली, "ये गं माय, तू आधी खाय. तुही आजी देऊन गेली, पर तुहं तोंड सुकलंय." रूथनंतर आम्हालाही वाढलं. मी खाल्लं. रागातच खाल्लं.

संध्याकाळी गाडी आली. डब्यात मी आत्याबाईंना विचारलं, ती खायला घालील हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, "उपास चालू हाय. बोलणं पण कमी करावं."

पुढं मनमाडलाच राहिलो. क्वार्टर, राशनकार्ड, मालकांची ड्यूटी. गावाकडं एकदा जाऊन आले. घर उभं होतं, ओसरीत दुसऱ्याची बैलं बांधलेली. तुम्ही गावात मागं राहिलेले पत्रातून विचारता, परत का येत न्हाई. आणि माझ्यासारखे निघून आलेले विचारतात, आठवण येत न्हाई का. येते. पण मी भिंतींसाठी रडले न्हाई. त्या बाईचं गावसुद्धा मी विचारलं न्हाई, आणि तरी त्या दिवशी मी तिच्याच घरी जेवले, असंच मला वाटतं.