अक्कांच्या घरची झोप

अक्कांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आणि माझं डोकं फिरलं. त्यांच्या पाटल्यांवर माझा जीव कधी गेला नाही, इंदिरानगरच्या घरावर नाही, फ्रान्सला असलेल्या मुलावरही नाही. पण ती वर्तुळं आम्हा दोघींची होती हो!

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमची घरं पिढ्यान् पिढ्या बंगळुरात, म्हणून थोरली जाऊ अक्का आणि थोरले दीर अण्णा. आधी अण्णांना पार्किन्सन झाला, मग ह्यांना. कुणाच्या घराण्यात जमीनजुमला उतरतो, आमच्यात हे उतरलं. दिवसा हात थरथरे त्याचं मी काही मनाला लावून घेतलं नाही. खरा छळ झोपेचा. अंग लाकूड होऊन जायचं, साधी कूस बदलायची तरी मला हाक. ह्यांच्या कमरेखाली घडीची चादर घालून ठेवलेली असे, ती ओढून मी ह्यांना वळवायची. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक. अक्कांकडे तेच. फोनवर आम्ही एकमेकींना जांभया ऐकवायचो. जावाजावांचं इतकं कुठे जमतं!

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मुलाने अण्णांना फ्रान्सला नेलं. तिथे त्यांच्या मेंदूत बारीक तारा घातल्या आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक बॅटरी बसवली. तिची वीज सतत मेंदूला पोचायची. केलं होतं थरथर थांबावी म्हणून, पण परत आल्यावर अक्कांनी पहिलं सांगितलं ते वेगळंच. "अगं, पालथे झोपतात! पूर्वीसारखे. आपले आपण वळतात. मीच उशिरा उठते आताशा."

मी म्हटलं, "बरं झालं हो." आणि फोन ठेवून भांडी आपटली. उशिरा उठतात म्हणे!

आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे याची आत्ता कुठे सुरुवात आहे, थांबा, बघू. थांबा काय? थांबायला झोप तर हवी. मग चामराजपेटेत कुणीतरी चुंबकाच्या गाद्या विकत होता, ती आणली. तेव्हा चुंबकाचं भारी खूळ होतं. चुंबकाचं पाणी, चुंबकाचे पट्टे, सगळं. कापसाच्या पातळ गादीत गोल गोल चुंबक शिवलेले. सांधे, साखर, निद्रानाश, सगळ्यावर एकच इलाज. ह्यांना तिचा काडीचा उपयोग झाला नाही. तरी मी ती काढली नाही. अक्कांकडे फ्रान्स होतं, माझ्याकडे निदान गादी तरी असू दे.

त्या वर्षी मामंजींचं श्राद्ध नेहमीसारखं आमच्याकडे होतं. हात थरथरतो म्हणून अण्णांनी कितीतरी वर्षं तर्पण सोडलं होतं. यंदा स्वतः बसले. ओंजळीतलं तीळपाणी अंगठ्यावरून असं सोडलं, की एक थेंब इकडे तिकडे नाही. हे शेजारी खुर्चीत बसून ते पाणी बघत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. देवा, एकाच आईची मुलं ना ही?

जेवणं झाली, भटजी गेले. अण्णा म्हणाले, "स्वल्प आडवा होतो." मी आमच्या पलंगावर धुतलेली चादर घालून दिली. ते पालथे झाले आणि घोरायला लागले. मी दारातून बघितलं. माझ्या अंथरुणावर घोरत होते! मला रडू येईल असं वाटलं, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

कॉफीच्या वेळी अक्का त्यांना उठवायला गेल्या आणि किंचाळल्या. मी धावले. अण्णांचा हात थडाथडा उडत होता, पाय कडक, मान उशीत रुतलेली. "अगं, ह्यांना काय झालं! वळतच नाहीयेत!" अक्का दंडाला धरून ओढत होत्या. दंडाला धरून कुणी वळवतं का? एवढ्यात विसरल्या! मी त्यांना बाजूला केलं, चादर कमरेपाशी गोळा केली, गुडघा लावला आणि अण्णांना उताणं केलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बघा, म्हटलं मनात, हे माझं रोजचं.

अक्कांनी गादी चाचपली. "यात काय आहे गं?"

"चुंबक."

"चुंबक? अगं बाई, बॅटरी बंद पडते ना त्याने!"

त्यांनी पर्समधून एक जाडसर काळी चकती काढली. तीही चुंबकच. बॅटरी चालू-बंद करायला तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. ती अण्णांच्या छातीवर, गळ्याच्या हाडाखाली क्षणभर धरली आणि उचलली. हाताची थडथड थांबली. तोटी पिरगळली की नळ थांबतो ना, तशी. थोड्या वेळाने पाय सैल पडले. अण्णा उठून बसले आणि म्हणाले, "कॉफी कुठाय?"

एवढंच? मी त्या चकतीकडे बघतच राहिले. त्या घटकेला मला अक्कांच्या हातातून ती हिसकावून घ्यावीशी वाटली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे भिंतीला धरून दारापर्यंत आले होते. एरवी ह्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या मी काढते. आता उडत्या बोटांनी स्वतः काढत होते. वरची एक निघाली, दुसरी निघेना, तशी ओढून तोडलीच. उघडी छाती पुढे करून अक्कांसमोर उभे राहिले.

"अक्का, मला पण," म्हणाले.

ह्यांच्या छातीत काही नाही हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. ह्यांना तर सगळ्यांत जास्त. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून तुटलेली गुंडी उचलली. अक्कांनी चकती ह्यांच्या छातीवर ठेवली. हात उडतच होता, त्याने अक्कांचा पदरही हलत होता. बराच वेळ गेला, तेव्हा अक्कांनी चकती काढायला हात मागे घेतला.

हे डोळे मिटून उभे होते. म्हणाले, "अजून स्वल्प धरा."