डाव्या कोपऱ्यातला चाकर

सकाळचे दहा वीस. फोटोग्राफर पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेल्या गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करत होता. मध्येच गर्रकन डावीकडे वळला.

"फ्लॅश कोणी उडवला?"

गिऱ्हाइकाने दोन्ही हात वर केले. "मी नुसता बसलोय हो!"

या स्टुडिओत फ्लॅशना कंपनीच्या नावाने कोणी हाक मारत नाही. कॅमेऱ्यावर बसतो तो 'डोक्यावरचा'. त्याचा उजेड कडक, सावली धारदार. स्टँडवरचा मोठा, मऊ उजेडाचा तो 'छत्री'. लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश म्हणजे 'बांगडी', तो दातांचे फोटो काढायला. आणि डाव्या कोपऱ्यातला छोटा तो 'चाकर'. त्याला वायर नाही. दुसरा फ्लॅश उडालेला दिसला की हाही उडतो, एवढीच त्याची अक्कल. डोळे मिटूनही फोटोग्राफर कोणता उडाला ते सांगायचा.

सोमवारपासून चाकर आपल्या मनाने उडत होता. फोटोग्राफरने त्याच्या सेन्सरवर काळी पट्टी चिकटवली. तरी उडाला. सेल काढले. तरी उडाला. आज सकाळी तर त्याने तो उचलून माळ्यावर टाकला होता.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मेन स्विच बंद केला, पडदे ओढले. आतून त्याची बायको प्रिंट कापायची कात्री हातात घेऊनच आली.

"अहो, अंधारात काय चाललंय?"

"बस इथे. कोपऱ्याकडे बघ." थोड्या वेळाने तो म्हणाला, "हा! उडाला."

"मला नाही दिसला."

"लक्ष कुठे असतं तुझं?"

"कोपऱ्यातच आहे. तिथे नुसता स्टँड उभाय."

"परत! वाकडी रेघ. डोक्यावरचा नाही, छत्री नाही, बांगडी तर नाहीच. असला फ्लॅश मी कधी हातात धरलेला नाही." त्याचा आवाज खाली आला. "आणि टप् झालं नाही. पुन्हा चार्ज होताना बारीक शिट्टी वाजते, तीही नाही."

तिच्या मनात पाल चुकचुकली. "भिंतीकडे तोंड करा."

तो वळला. "माझ्याबरोबर तोही वळला. डावीकडेच आहे."

"आता डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "उडाला."

तिने मेन स्विच चालू केला, दिवा लावला आणि डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, काळे ठिपके दिसतात का?

"गिऱ्हाइकामागच्या पांढऱ्या कापडावर काजळी उडते," तो म्हणाला. "मला वाटलं, कापड धुवायला झालंय."

"कडेने अंधार सरकतोय?"

"अजून नाही."

डोळ्याचा पडदा सुटत असण्याची शक्यता होती. वेळ गेला तर नजर जाईल. अंधार दिसला की तडक निघा, नाहीतर उद्याचा पहिला नंबर तुमचा, असं बाईंनी बजावलं.

उद्या सकाळी आठ वाजता स्टुडिओचं शटर बंद असेल. दवाखान्यात औषध घालून त्याची बाहुली मोठी करतील आणि डोळ्याच्या आतला फोटो काढतील. त्या कॅमेऱ्यालाही फ्लॅश असतो.